पावसाने काळवंडलेला लाकडी डेक: धुण्यापासून तेल मुरवेपर्यंत

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं किंवा मेढ्याहून बामणोलीच्या रस्त्याला लागलं, की हल्ली घरापुढे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, असलेली फार्महाउस आणि होमस्टे जागोजागी दिसतात. नवा डेक पहिल्या हिवाळ्यात फार देखणा असतो. मग जून येतो. दोन पावसाळे काढले की त्याच फळ्या राखाडी पडतात, सावलीच्या कडेला शेवाळ धरतं, स्क्रूंच्या भोवती काळे ओघळ उमटतात आणि अनवाणी चालताना पायात कूस जाते. अशा वेळी घरमालकाला बहुधा दोनच सल्ले मिळतात: ‘पॉलिश मारून टाका’ किंवा ‘फळ्या बदला’. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. नीट धुऊन, वाळवून तेल दिलं तर डेक पुन्हा चांगला होतो, आणि हे काम घरच्या दोन माणसांना जमण्यासारखं आहे.

हा लेख पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीपासून डोक्यात ठेवा: तेल लाकडाच्या आत मुरलं पाहिजे, वर साचता कामा नये. धुणं, वाळवणं, घासणं, पुसणं, सगळं त्यासाठीच आहे. खुद्द तेल लावायला या सगळ्यात सर्वांत कमी वेळ लागतो.

राखाडी झालं म्हणजे सडलं असं नाही

लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातलं लिग्निन मोडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. मागे उरतात फिकट, सुटे झालेले तंतू. तोच राखाडी थर. त्यावर धूळ आणि बुरशी बसली की रंग काळपट होतो. हा थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, खालचं लाकूड बहुधा शाबूत असतं. त्यामुळे फळ्या बदलायचा निर्णय रंगावरून कधीही घेऊ नका.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. त्यातलं लाकूडकाम आजही बघायला मिळतं, कारण ते छपराखाली आहे. डेकचं तसं नाही. तो उघड्यावर आडवा पडलेला असतो आणि ऊन-पाऊस थेट अंगावर घेतो. ‘साग आहे, त्याला काही होत नाही’ हे घरातल्या दाराच्या चौकटीला लागू पडतं, डेकला नाही. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे तो पाइनपेक्षा पुष्कळ जास्त दम धरतो, एवढंच.

आपला डेक खरोखर लाकडाचा आहे ना, हेही आधी बघा. बऱ्याच ठिकाणी लाकडासारखे दिसणारे डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे पाट बसवलेले असतात. त्यांना तेल देऊन उपयोग नाही, ते वरच राहून चिकट होतं. साबणाच्या पाण्याने धुतलं की काम झालं.

पाहणी

हातात पेचकस घ्या आणि एकेक फळी टोचत चला. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं आणि अडतं. सडलेल्या जागी ते लोण्यात जावं तसं आत जातं. फळीची दोन्ही टोकं, भिंतीलगतचा भाग, कुंड्यांच्या खालची जागा आणि फळ्या खालच्या वाशांना जिथे टेकतात तिथल्या रेषा जास्त काळजीने तपासा. पाणी तिथेच अडून राहतं. जमलं तर बॅटरी घेऊन डेकच्या खाली वाकून बघा. वाशांवर किंवा खांबांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. अशा वेळी तेलाचं काम थांबवा आणि आधी वाळवीचा बंदोबस्त करा. वासे पोकळ झाले असतील तर वरच्या फळ्या कितीही सुंदर केल्या तरी तो डेक धोक्याचा आहे.

वर आलेले स्क्रू आवळा, तुटलेले बदला. साधे लोखंडी खिळे किंवा स्क्रू असतील तर शक्य तेवढे काढून स्टेनलेस स्टीलचे बसवा. त्यांच्याभोवतीचे काळे ओघळ नुसत्या गंजाचे नसतात. लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग होऊन तो काळा डाग बनतो, आणि लोखंड तिथे आहे तोवर तो परत येत राहतो.

शेवटी फळ्यांवर पूर्वी काय लावलं होतं ते ओळखा. वरचा थर नखाने पापुद्र्यासारखा सुटत असेल, चकचकीत असेल, तर ते वार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आहे. बाहेरच्या आडव्या लाकडावर अशी पॉलिश टिकत नाहीत. ऊन-पावसात लाकूड फुगतं-आकसतं, वरच्या कडक थराला तडे जातात, त्या तड्यांतून पाणी आत शिरतं आणि थराखालीच अडकून राहतं. असा थर असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय तेल आत जाणार नाही. घासकामाचा एक जादा दिवस धरा.

केव्हा करायचं

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला आणि कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि माण-खटावकडे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत-आटपाडी यांची हवा एक नाही. त्यामुळे डब्यावर छापलेलं ‘वर्षातून एकदा’ डोळे झाकून पाळू नका.

घाटमाथ्यावर, म्हणजे कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, पाचगणी या बाजूला मोठं काम दिवाळीनंतरच धरा. कासचा फुलांचा हंगाम आणि सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, हवा कोरडी व्हायला लागलेली असते. पाऊस थांबला म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाई करू नका. चार महिने भिजलेलं लाकूड वरून वाळलेलं दिसतं, पण आत पाणी असतं. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मग मेच्या मध्यावर, वळवाची उघडीप बघून, तेलाचा एक हलका हात द्यायचा.

सांगली, मिरज, तासगाव, कराड या सखल भागात मुख्य शत्रू ऊन आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत एकदा नीट केलेलं काम बहुधा वर्षभर पुरतं. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या डेकला हात लावू नका. तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वरच्या वर आटून चिकट होतं.

पूर्ण कामाला किमान एक आठवडा मोकळा ठेवा. त्यात धुणं एक दिवस, सँडपेपरने घासणं एक दिवस, तेल एक दिवस. उरलेले दिवस वाळण्याचे. या दिवसांत पाहुण्यांचं बुकिंग घेऊ नका, कारण वाळण्याचे दिवस कापले की बाकीची मेहनत वाया जाते.

धुणं

डेकवरचं सगळं सामान हलवा. फळ्यांच्या फटींत अडकलेली माती, पानं, सुरूच्या काड्या पातळ पट्टीने किंवा बोथट सुरीने खरवडून काढा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, पण फळ्या कडांकडून सडायला तिथूनच सुरुवात होते. पाणी खाली निथळलं पाहिजे, फट मोकळी दिसली पाहिजे.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट वापरा. पांढरी दाणेदार पावडर असते, ऑनलाइन सहज मिळते, आणि कपड्यांचे डाग काढणाऱ्या बिनक्लोरीनच्या पावडरींतही मुख्यतः तीच असते. पाण्यात टाकली की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशी तिची फोड होते. सोडा मळ आणि जुनं तेल सोडवतो, पेरॉक्साइड बुरशीचा काळेपणा घालवतं. कोमट पाण्यात लिटरला ३० ते ४० ग्रॅम घ्या. लागेल तेवढंच द्रावण करा आणि त्याच दिवशी संपवा. उरलेलं झाकण लावून बाटलीत अजिबात ठेवू नका, आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते.

फरशी आणि संडास धुण्याचं क्लोरीनचं ब्लीच मात्र डेकवर ओतू नका. रंग झटकन उजळतो, म्हणून मोह होतो. पण ते लाकडाचे तंतू कमकुवत करतं, स्क्रू खातं आणि आजूबाजूची झाडं करपवतं. संडास धुण्याच्या ॲसिडचीही तीच गोष्ट.

आधी डेक साध्या पाण्याने ओला करा आणि कडेच्या झाडांवरही भरपूर पाणी मारा. दोन-तीन फळ्यांचा पट्टा घेऊन द्रावण पसरा आणि दहा ते पंधरा मिनिटं थांबा. पृष्ठभाग वाळतोय असं वाटलं तर थोडं द्रावण परत शिंपडा. मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. आडवं घासलं की तंतू उचकटतात. तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे बारीक लोखंडी कण लाकडात रुततात आणि पहिल्या पावसात डेकभर काळे ठिपके उमटतात.

घासताना ब्रशखालून जे पाणी निघेल ते नीट बघा. सुरुवातीला दाट राखाडी, जवळजवळ काळं पाणी येतं. ते सुटलेल्या तंतूंचं आणि बुरशीचं असतं. हळूहळू ते तपकिरी होतं, मग फिकट. फिकट पाणी यायला लागलं की त्या पट्ट्यावर पुढे घासत बसू नका, साध्या पाण्याने धुऊन पुढे सरका.

गाड्या धुण्याचं प्रेशर मशीन घरात असेल तर ते फक्त धुऊन काढायला वापरा, घासण्याच्या ऐवजी नको. पंख्यासारखा पसरट फवारा लावा, नोझल फळीपासून किमान एक फूट लांब धरा आणि हात सतत हलता ठेवा. जवळून एका जागी मारलेला फवारा मऊ लाकडात चर पाडतो आणि तो चर घासून जात नाही.

ऑक्झॅलिक

धुतलेला डेक, विशेषतः सागाचा, थोडा गडद आणि मळकट तपकिरी दिसतो. सोड्यामुळे असं होतं. इथे बरेच जण नाराज होऊन थांबतात. पुढची पायरी ऑक्झॅलिक ॲसिडची. फरशी पॉलिश करणारे हीच पावडर वापरतात, त्यामुळे सातारा, कराड, सांगली कुठल्याही शहरात ती मिळते. प्लास्टिकच्या बादलीत, लिटरला २५ ते ३० ग्रॅम. धातूचं भांडं नको. आधी पाणी घ्या, मग पावडर टाका. ओल्या डेकवर ब्रशने सारखं पसरा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

यात घासावं लागत नाही. बघता बघता लाकडाचा मूळ रंग वर यायला लागतो, सागाचा पिवळसर तपकिरीपणा आणि त्यातल्या गडद रेषा उठून दिसतात. लोखंडाचे काळे डागही फिके पडतात. हट्टी डागावर त्याच द्रावणात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा. मग संपूर्ण डेक भरपूर पाण्याने धुवा, आणि एकदा धुऊन झाल्यावर पुन्हा धुवा. ॲसिडचा अंश राहिला तर तेल नीट बसत नाही.

ऑक्झॅलिक विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरा, पावडर मिसळताना नाकातोंडावर रुमाल नको, नीट मास्क घ्या. मुलं, कुत्री, गुरं त्या दिवशी डेकपासून लांब ठेवा. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या पाणवठ्याकडे वाहणार नाही हे आधीच बघून ठेवा. ब्लीच आणि ऑक्झॅलिक एकत्र कधीही येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

वाळवणं आणि घासणं

आता थांबायचं. सांगलीच्या हवेत दोन-तीन दिवस, घाटावर चार किंवा जास्त. ओलावा मोजायचं छोटं यंत्र असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. नसेल तर प्लास्टिकच्या कागदाचा वीतभर तुकडा फळीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला पाण्याचे कण जमले असतील तर लाकूड अजून ओलं आहे. टोकांजवळ आणि सावलीच्या कोपऱ्यात ही परीक्षा करा, डेकच्या मधोमध नको, कारण तिथे सगळ्यात आधी वाळतं.

वाळलेल्या डेकवर हात फिरवला तर तो खरखरीत लागेल. पाण्याने तंतू उभे राहिलेले असतात. ६० नंबरचा सँडपेपर घ्या, मग ८०. तिथेच थांबा. घरातल्या फर्निचरसारखं १५०, २२० पर्यंत जायचा मोह सुताराला होतो, कारण त्याच्या हाताला ती सवय असते. पण फार गुळगुळीत केलेल्या लाकडाची छिद्रं बुजतात आणि तेल आत जात नाही. डेकला पायाला टोचणार नाही इतपत गुळगुळीतपणा पुरे, थोडा खरखरीतपणा पावसात पाय घसरू नये म्हणून चांगलाच.

सँडर, म्हणजे सँडपेपर लावून घासायचं मशीन, भाड्याने मिळाला तर दोनशे चौरस फुटांचा डेक दिवसात होतो. मशीन लावण्याआधी सगळ्या स्क्रूंची डोकी फळीच्या पातळीच्या किंचित खाली गेलीत का ते बघा, नाहीतर पेपर फाटत राहील. मास्क घाला. सागाच्या भुश्याने अनेकांना खोकला आणि अंगाला खाज येते. शेवटी सगळा भुसा झाडून काढा आणि टर्पेंटाइनमध्ये किंचित ओल्या केलेल्या फडक्याने एकदा पुसून घ्या.

मग शेवटची परीक्षा. चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात थेंब पसरून फळीत शिरला आणि तिथे गडद ठिपका झाला तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. थेंब गोळा होऊन वर बसून राहिला तर तिथे जुनं तेल किंवा पॉलिश शिल्लक आहे, ती जागा पुन्हा घासा. थेंबांचे ठिपके वाळले की कामाला लागा.

कोणतं तेल

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं तेल म्हणजे बेलतेल, जवसाचं उकळवलेलं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून लाकडाला चालतं. पहिल्या हाताला निम्मं बेलतेल आणि निम्मं टर्पेंटाइन, दुसऱ्या हाताला टर्पेंटाइन कमी, हे जुन्या सुतारांचं प्रमाण. सांगली-तासगावच्या कोरड्या हवेत, थोडं छप्पर किंवा पर्गोला (वर पट्ट्यांचा मांडव) असलेल्या जागी, हे अजूनही चांगलं चालतं आणि स्वस्त पडतं. पण घाटावर उघड्या डेकला नुसतं बेलतेल देऊ नका. जवसाचं तेल बुरशीचं खाद्य आहे. सततच्या धुक्यात आणि ओलाव्यात ते ऑगस्टपर्यंत काळं पडतं.

घाटासाठी डेकचं म्हणून विकलं जाणारं तयार तेल घ्या आणि डबा उलटून तीन गोष्टी वाचा: बाहेरच्या वापरासाठी आहे का, बुरशीनाशक आहे का, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण आहे का. पूर्ण पारदर्शक तेलापेक्षा हलकी रंगछटा असलेलं तेल घ्या. उन्हाला अडवतो तो त्यातला रंग. पारदर्शक तेल दिलेला डेक पाणी झटकत राहील, पण राखाडी लवकर होईल. टीक ऑइल नावाने मिळणारे डबे सागापासून काढलेले नसतात, ते जवस किंवा टंग तेल, द्रावक आणि थोडं वार्निश यांचं मिश्रण असतं. त्यातले काही फक्त घरातल्या फर्निचरसाठी असतात, त्यामुळे नावावर जाऊ नका.

शेंगतेल, खोबरेल, सूर्यफूल यांचा विचारही करू नका. ती तेलं लाकडात नीट वाळत नाहीत, चिकट राहतात, धूळ आणि मुंग्या ओढतात. आणि जळकं ऑइल तर मुळीच नको. गाडीचं काळं ऑइल गोठ्याच्या खांबांना, कुंपणाच्या डांबांना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे सवय आहे. डेकवर माणसं अनवाणी चालतात, लहान मुलं रांगतात. ते ऑइल वाळत नाही, अंगाला लागतं, आणि पावसाबरोबर जमिनीत आणि विहिरीत उतरतं.

किती लागेल? एका लिटरमध्ये साधारण शंभर चौरस फूट होतं, पण खूप वाळलेलं लाकूड पहिल्या हाताला जास्त पितं. दहा बाय वीसच्या डेकला दोन हातांसाठी चार-पाच लिटर धरा. सगळे डबे एकाच मोठ्या बादलीत ओतून ढवळून घेतले तर रंगछटेत फरक पडत नाही.

तेल लावायचा दिवस

नोव्हेंबर-डिसेंबरात घाटावर सकाळी दहिवर पडलेलं असतं. फळ्या पूर्ण कोरड्या होईपर्यंत थांबा, बहुधा दहा-साडेदहा वाजतात. संध्याकाळी पुन्हा दव पडायच्या आत तेल मुरून पुसून झालेलं हवं, म्हणून चारच्या आत काम आवरेल असं बघा. थेट ऊन पडलेल्या भागात नाही, सावली आलेल्या भागात सुरुवात करा आणि सावलीबरोबर सरका. पुढचे दोन दिवस आभाळ निरभ्र आहे याची खात्री करूनच डबा उघडा.

आधी फळ्यांची टोकं. लाकूड टोकांकडून सगळ्यात जास्त पाणी पितं, तसंच तेलही. तिथे ब्रशने दोन-तीन वेळा, पिणं थांबेपर्यंत तेल द्या. मग दाराच्या विरुद्ध बाजूने सुरू करून दाराकडे येत चला. एका वेळी दोन किंवा तीन फळ्या घ्या आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पूर्ण करा. मध्येच थांबलात तर जिथे ओलं आणि वाळलेलं तेल एकमेकांवर येतं तिथे कायमचा पट्टा दिसतो. पातळ हात द्या, रेषांच्या दिशेने. फटींच्या कडाही विसरू नका.

पंधरा-वीस मिनिटांनी त्या फळ्यांकडे परत बघा. काही जागा सुकून निस्तेज झालेल्या असतील, त्यांनी तेल पिऊन टाकलं आहे, तिथे आणखी थोडं द्या. काही जागा चमकत असतील, तिथे तेल वर राहिलं आहे. ते सुती फडक्याने पुसून घ्या, दाबून, फळीच्या लांबीने. पुसून झाल्यावर तळहात ठेवला तर हाताला तेलाचा ओलावा लागू नये. एवढी मेहनत करून तेल पुसून टाकायचं कसं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण वर राहिलेलं तेल मुरत नाही, ते वर चिकट कातडी धरतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी ती कातडी खरवडून काढावी लागते. दोन माणसं असतील तर एकाने लावावं आणि दुसऱ्याने मागून पुसत यावं.

दुसरा हात केव्हा द्यायचा ते डब्यावर दिलेलं असतं. काही तेलांना तासाभरात, काहींना चोवीस तासांनी. ते तंतोतंत पाळा. जुन्या, खूप वाळलेल्या डेकला दुसरा हात लागतोच. दुसऱ्या हातानंतर थेंब वर बसायला लागला की तिसरा देऊ नका.

त्यानंतर दोन दिवस डेकवर पाय नको, आणि टेबल-खुर्च्या किमान तीन-चार दिवसांनी.

तेलाच्या चिंध्या

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. जवसाचं तेल हवेशी संयोग होऊन वाळतं तेव्हा उष्णता निघते. फळीवर ती पसरून जाते. पण तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, पोत्यात कोंबली, तर ती उष्णता आत साठत जाते आणि काही तासांत, कोणीही काडी न ओढता, ती फडकी पेट घेऊ शकतात. लाकडी घर, बाजूला वाळलेलं गवत, आणि रात्री सगळे झोपलेले, अशी अवस्था असते. काम संपल्यासंपल्या प्रत्येक फडकं उलगडून उघड्यावर दोरीवर एकेक पसरा, एकावर एक नको, आणि पूर्ण कडक वाळेपर्यंत तसंच राहू द्या. किंवा पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात बुडवून झाकण लावून ठेवा. सँडरच्या पिशवीत साठलेला तेलकट भुसाही रात्रभर घरात ठेवू नका. कामाला माणूस लावला असेल तर हे त्याच्यावर सोडू नका, स्वतः उभं राहून करून घ्या.

वर्षभर

दर महिन्याला डेकवर थेंबाची परीक्षा करा. थेंब वर थरथरत राहतो तोवर तेल शाबूत आहे. शिरायला लागला की हात द्यायची वेळ झाली. घाटावर मेमध्ये हलका हात देताना ऑक्झॅलिक किंवा सँडरची गरज पडत नाही. झाडून, साध्या पाण्याने धुऊन, दोन-तीन दिवस वाळवून एक पातळ हात आणि पुसणं.

महाबळेश्वरकडे पावसाच्या तोंडावर घरांना गवताच्या झडी बांधायची पद्धत होती, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे कागद दिसतात. भिंतीसाठी ते ठीक. पण डेकवर प्लास्टिक किंवा ताडपत्री अंथरून चार महिने दाबून ठेवू नका. खालून जमिनीची वाफ येते, वर प्लास्टिक, मध्ये लाकूड. बुरशीला याहून चांगली जागा नाही. झाकायचंच असेल तर वर मांडव घालून, चारही बाजूंनी वारा खेळता ठेवून झाका.

पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पानं झाडा आणि शेवाळ दिसलं की काथ्याच्या ब्रशने तेवढी जागा घासा. तेल दिलेला डेकही शेवाळावर निसरडा होतो. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली छोटे पाय किंवा विटेचे तुकडे घाला आणि महिन्यातून एकदा जागा बदला.

कृष्णेकाठच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ आणि २०२१च्या पुरांत सांगलीत बऱ्याच घरांच्या अंगणातलं लाकूडकाम पाण्याखाली गेलं. पुराचा गाळ वाळला की तो लाकडाच्या रेषांत सिमेंटसारखा बसतो, म्हणून पाणी ओसरताच तो ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. मग लगेच तेल देऊ नका. लाकूड सावलीत, वाऱ्यावर, महिना-दीड महिना सावकाश वाळू द्या. फटाफट उन्हात वाळवलं तर फळ्या वाकतात आणि चिरतात. दिवाळीनंतर पेचकस घेऊन पुन्हा पहिल्यापासून पाहणी करा.

उरलेलं तेल मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, आत हवा जास्त असली की त्यावर साय धरते आणि ते घट्ट होतं. लहान डब्यात काठोकाठ भरा, झाकण गच्च लावा, वर तेलाचं नाव, रंगछटा आणि तारीख लिहा. चुलीपासून, उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा. मेमध्ये काढाल तेव्हा काठीने तळापासून नीट ढवळून घ्या, रंग खाली बसलेला असतो.